चीनमध्ये "पहिल्या महिन्यात केस कापले तर मामा मरतो" असं का म्हणतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगा सुझौला कंपनीत नवीन लागलाय. चिनी नववर्षाची सुट्टी संपली, केस वाढले होते म्हणून संध्याकाळी सलूनला निघाला, तर ऑफिसमधल्या एका वयस्कर बाईंनी त्याला अडवलं, म्हणाल्या आत्ता नको, तुझा मामा मरेल. त्याला आधी मस्करी वाटली पण बाई खरंच काळजीत होत्या. दुसरी गोष्ट, त्याच्या सुपरवायझरचे वडील वारले आणि त्या माणसाने तीन महिने केसांना कात्री लावली नाही. हे सगळं येतं कुठून, आणि दोन्हीचं मूळ एकच का, असं त्याने विचारलंय.

मी 19 वर्षं मँडरिनचा दुभाष्या म्हणून काम करतोय, त्यातली सहा वर्षं शानडोंग प्रांतात यानताईला काढली, आणि मामाचा हा प्रकार माझ्याही बाबतीत झालाय. नववर्षाचा सातवा की आठवा दिवस होता, बाहेर कडाक्याची थंडी, गल्लीतलं छोटं दुकान उघडं दिसलं म्हणून आत शिरलो. साठी ओलांडलेले एक काका एकटेच बसून चहा पीत होते. मी खुर्चीत बसलो, त्यांनी टॉवेल झटकला, माझ्या गळ्याभोवती लावला, कंगवा हातात घेतला आणि मग विचारलं, तुला मामा आहेत का? मी म्हटलं तीन आहेत. त्यांनी कंगवा खाली ठेवला, टॉवेल काढून घडी केला, म्हणाले दुसऱ्या महिन्याच्या दोन तारखेला ये, आता चहा घे. पैसे मिळत असताना गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी फार बघितलेला नाही, तेव्हापासून या विषयामागे लागलो ते आजपर्यंत.

आधी भाषेचा भाग समजून घ्या कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पंचांगातल्या पहिल्या महिन्याला चिनीत झंगयुए म्हणतात. म्हण अशी की झंगयुएत डोकं भादरलं तर "स ज्यौ", म्हणजे मामा मरतो. स म्हणजे मरणं, ज्यौ म्हणजे मामा. पण हेच दोन उच्चार वेगळ्या सुरात काढले की अर्थ होतो "जुन्याची आठवण काढणं". फरक फक्त पहिल्या अक्षराच्या सुराचा आहे. आठवणीचा स वर धरलेला, सपाट, डॉक्टर आ करा म्हणतात तेव्हा आपण आऽऽ करतो तसा. मरणाचा स खाली बुडी मारून वर येतो. ज्यौ दोन्हीकडे अगदी सारखाच. क्लासमध्ये मुलांना मी हे दोन शब्द दहा दहा वेळा म्हणायला लावतो तरी निम्म्यांचे सूर एकमेकांत मिसळतातच, मग खेड्यापाड्यांतून, प्रत्येक भागाच्या वेगळ्या हेलातून ही म्हण शेकडो वर्षं फिरली तर काय होईल विचार करा.

आता ती "जुन्याची आठवण" कसली? तर मिंग राजवटीची, म्हणजे मांचू यायच्या आधीच्या. 1644 मध्ये ईशान्येकडच्या मांचू लोकांनी बीजिंग घेतलं आणि चिंग राजवट सुरू झाली. मांचू पुरुष डोक्याचा पुढचा भाग तुळतुळीत करून मागे बारीक वेणी ठेवायचे. सुरुवातीच्या काळातली वेणी तर इतकी बारीक की तिला उंदराची शेपटी म्हणायचे, तांब्याच्या नाण्याला मधे चौकोनी भोक असतं ना, त्यातून ओवली जाईल एवढीच जाड हवी असं सांगतात. आणि तोपर्यंत हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुष काय करत होते, तर जन्मभर केस वाढवून डोक्यावर अंबाडा बांधत होते, त्यावर जाळीची टोपी. चिंग सरकारने 1644 मध्ये एकदा हुकूम काढला, विरोध बघून मागे घेतला, मग 1645 मध्ये दक्षिणेतलं नानजिंग पडल्यावर परत काढला आणि या वेळी मागे हटले नाहीत. हुकूम पोचल्यापासून दहा दिवसांत सगळ्या पुरुषांनी डोकं भादरायचं, नाहीतर देहदंड. लोकांच्या तोंडी तो असा राहिला: डोकं ठेवायचं तर केस जातील, केस ठेवायचे तर डोकं जाईल.

लोकांनी डोकी दिली, हे खरं आहे, दंतकथा नाही. यांगत्सेच्या काठावरच्या जियांगयिन शहराने केसांच्या हुकमावरून बंड केलं आणि 81 दिवस वेढा झुंजवला, शेवटी शहर पडलं तेव्हा प्रचंड कत्तल झाली. शांघायजवळच्या जियादिंगला तर तीन वेळा कत्तल झाली. आणि शानडोंगचंच एक उदाहरण मला फार लागतं. कन्फ्यूशियसच्या वंशातला एक अधिकारी, खोंग वन-प्याओ, त्याने बादशहाकडे अर्ज केला की आमच्या घराण्याला पूर्वजांच्या रीतीने केस आणि पोशाख ठेवू द्या. उत्तर आलं की या हुकमाला माफी नाही, हा अर्ज करणं हाच देहदंडाचा गुन्हा आहे, पण महापुरुषाचा वंशज म्हणून जीव सोडतो, नोकरी मात्र गेली, परत कधी मिळणार नाही. ज्या घराण्याला प्रत्येक राजवटीने डोक्यावर घेतलं त्याची ही गत, तर साध्या शेतकऱ्याचं काय.

तर गोष्ट अशी सांगतात की लोकांना वर्षभर भादरावं लागायचंच, पण वर्षाचा पहिला महिना तेवढा ते वस्तरा लावू द्यायचे नाहीत, जुन्या राजाच्या आठवणीसाठी. उघडपणे "जुन्याची आठवण" म्हणायची सोय नाही, मग बोलता बोलता त्याचं "मामा मरतो" झालं. हे सांगणारा जो उतारा सगळीकडे फिरतो तो शानडोंगमधल्या "ये" नावाच्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमधला आहे, आजचं लायझौ, यानताईच्याच हद्दीत येतं ते.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की ही गोष्ट मला आवडते पण ती जशीच्या तशी गिळू नका. ते गॅझेटियर विसाव्या शतकात, चिंग राजवट गेल्यानंतर छापलेलं आहे, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी, आणि त्यात लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे म्हटलंय की गावातल्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकलं. शिवाय त्यात हुकमाची अंमलबजावणी 1647 च्या पहिल्या महिन्यात झाली असं आहे, आणि खरा हुकूम निघाला 1645 च्या सहाव्या चांद्र महिन्यात. म्हणजे महिना म्हणीला जुळवून घेतलाय असं वाटतं. माझं मत असं की पहिल्या महिन्यात केस न कापण्याची सवय आधीची असावी आणि तिला कारण साधं होतं, नववर्षाच्या दिवसांत सुरी-कात्री हातात धरायची नाही हा नियम कितीतरी घरांत आहे, न्हावी आपल्या घरी गेलेले असतात, आणि सगळ्यांनी वर्ष संपायच्या आत डोकं करून घेतलेलं असतं. तशी म्हणच आहे, पैसा असो नसो, डोकं करून नववर्ष करा. या सवयीत नंतर मिंगची आठवण शिरली आणि उच्चारातल्या साम्याने मामाला आणून बसवलं. उगम म्हणून एकच तारीख आणि एकच घटना शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

आणि केसांसाठी माणसं मरायला का तयार झाली हे कळायला 1645 च्याही खूप मागे जावं लागतं. कन्फ्यूशियन परंपरेत मातृपितृभक्तीवरचा जो छोटा ग्रंथ मुलांकडून पाठ करून घ्यायचे त्यात अगदी सुरुवातीलाच वाक्य आहे की शरीर, केस, कातडी हे आईवडिलांकडून मिळालंय, त्याला इजा होऊ द्यायची नाही, भक्तीची सुरुवात तिथून होते. हे केवळ पुस्तकी नव्हतं. जुन्या काळात केस भादरणं ही शिक्षाच होती, तिला खून म्हणायचे, आपला मराठीतला खून नाही, चिनी शब्द आहे हा. इसवी सनापूर्वी 167 मध्ये हान राजवटीचा सम्राट वन याने शरीर विद्रूप करणाऱ्या शिक्षा रद्द केल्या तेव्हा चेहरा गोंदवण्याच्या शिक्षेऐवजी काय ठेवलं, तर डोकं भादरून गळ्यात लोखंडी कडं आणि सक्तमजुरी. म्हणजे केस नसणं हे लांबून ओळखू येणारं गुन्हेगाराचं चिन्ह. ज्या महाराष्ट्राने विधवांचं केशवपन बघितलंय त्याला वस्तऱ्याने माणसाचा दर्जा कसा काढून घेता येतो हे वेगळं समजावून द्यायला नको.

इसवी सन 198 ची गोष्ट तुम्हाला कुठलाही चिनी सांगेल. सेनापती छाव छाव मोहिमेवर होता, त्याने फर्मान काढलं होतं की शेतातला गहू तुडवला तर मृत्युदंड, आणि त्याचाच घोडा बिथरून शेतात घुसला. त्याने तलवार काढून स्वतःचे केस कापले आणि जमिनीवर टाकले, डोक्याऐवजी केस. आज वाचताना वाटतं की केस काय, परत येतील, स्वस्तात सुटला. पण तेव्हाच्या सैनिकांना ते तसं वाटलं नसणार, कारण केस कापून घेणं म्हणजे शिक्षा भोगणं आणि वर आईबापांचा अपराध.

तिसरा धागा भीतीचा आहे आणि तो आपल्याला फार ओळखीचा आहे. आपल्याकडे आजी वेणी घालून झाली की कंगव्यातले केस गोळा करून गुंतवळ करायची, त्यावर थू करायची, कुठेही टाकू द्यायची नाही, कुणी करणी करेल म्हणून. चीनमध्ये याच भीतीने 1768 मध्ये अख्खं साम्राज्य हादरलं होतं. सुरुवात झेजियांग प्रांतातल्या देचिंग गावात झाली. तिथे पाथरवट पुलाचं काम करत होते, आणि लोकांची समजूत अशी की खांब ठोकताना त्यावर जिवंत माणसाच्या नावाचा कागद लावला तर त्या माणसाचा जीव खांबाला मिळतो आणि माणूस मरतो. एक शेतकरी पुतण्यांच्या त्रासाला कंटाळून खरंच त्यांची नावं घेऊन पाथरवटाकडे गेला, पाथरवट घाबरला आणि त्याने त्याला पकडून दिलं. पण अफवा सुटली ती सुटलीच, आणि वाढत वाढत तिचं रूप असं झालं की कोणीतरी रस्त्यात गुंगीची पूड उडवतं, वेणीचं टोक कापून नेतं, आणि त्या केसांवर मंत्र टाकून आत्मा चोरतं. उन्हाळ्यापर्यंत हे शानडोंगला आणि मग बीजिंगला पोचलं. भटके भिक्षू, भिकारी, परगावचा कोणीही माणूस, कात्री सापडली की जमाव तुटून पडायचा. चियनलोंग बादशहाला वेगळीच शंका, कारण वेणी म्हणजे राजनिष्ठा, वेणी कापणारा म्हणजे बंडखोर असणार, म्हणून त्याने प्रांताप्रांतांतल्या अधिकाऱ्यांच्या मागे लकडा लावला आणि त्यांनी छळ करून कबुलीजबाब मिळवले. शरद ऋतूत ते कबुलीजबाब परत तपासले तर एकही टिकला नाही, आणि प्रकरण गुंडाळलं गेलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हे विचार करायला लावतं की सव्वाशे वर्षांपूर्वी जी वेणी ठेवायला लागू नये म्हणून लोक मेले, तीच वेणी आता कोणी कापू नये म्हणून लोक माणसं मारत होते. केस त्या माणसाचे झाले की त्यात जीव येतो, मग ते कुठल्या हुकमाने आले याला काही अर्थ राहत नाही. 1912 मध्ये प्रजासत्ताकाने वेण्या कापायचा हुकूम काढला तेव्हाही कित्येक म्हातारे वेणी टोपीखाली लपवून फिरत होते.

बरं, मग मामाच का? काका का नाही? हे मराठी माणसाला पटकन कळेल कारण आपल्याकडेही मामा आणि काका ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि मामाचा मान वेगळा. चिनीत म्हण आहे, आईच्या बाजूला मामा सगळ्यात मोठा. भावांमध्ये वाटणी करायची झाली तर मामा बसतो, आई गेली तर मामा येऊन बघेपर्यंत पुढचे विधी थांबतात. आणि केसांशी तर त्याचा थेट संबंध आहे. बाळ महिन्याचं झालं की पहिले केस काढतात, आणि बऱ्याच भागांत त्या वेळी बाळाला मामाने धरायचं असतं. आपलं जावळ आठवा, मामाच्या मांडीवर बसलेलं रडणारं पोर, अगदी तसंच. म्हणजे ज्याच्या हातांत पहिला वस्तरा लागला त्याचाच जीव पुढे वस्तऱ्याशी बांधला गेला, आणि म्हणीत मामा इतका घट्ट बसला त्याला हे एक कारण असणार असं मला वाटतं.

यानताईला माझ्या घरमालकीणबाईंच्या काचेच्या कपाटात एक ब्रश होता, लिहायचा, बांबूच्या दांड्याचा, दांड्यावर त्यांच्या मुलाचं नाव आणि जन्मतारीख कोरलेली. त्याच्या जावळाचे केस होते ते. त्यांनी मला तो उजेडात धरून दाखवला, टोकं बघ म्हणाल्या. खरंच, प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत गेलेला. एकदा कात्री लागलेल्या केसाचं टोक बोथट होतं, ते परत तसं येत नाही, म्हणून असा ब्रश आयुष्यात एकदाच करता येतो. त्या ब्रशने कोणी कधी लिहिलं नव्हतं. मुलगा तेव्हा शेनझेनला नोकरीला होता.

मामाची अजून एक गोष्ट न्हाव्यांमध्ये चालते, ती मला त्याच काकांनी सांगितली. एक गरीब न्हावी होता, मामावर फार जीव, नववर्षाला भेट द्यायला पैसे नाहीत म्हणून दर वर्षी पहिल्या महिन्यात जाऊन मामाची हजामत करायचा. मामा गेला, तेव्हापासून दर वर्षी हा महिना आला की त्याला मामा आठवायचा. इथेही तोच उच्चाराचा खेळ, मामाची आठवण आणि मामाचं मरण. इतिहास म्हणून याला आधार नाही, पण राजाची गोष्ट गॅझेटियरमध्ये गेली आणि ही न्हाव्यांच्या तोंडी राहिली हे बघण्यासारखं आहे.

त्या काकांकडे अजून एक वस्तू होती, भिंतीवर टांगलेला लोखंडी चिमटा, लांबलचक, त्यांच्या वडिलांचा. आपल्याकडे न्हावी धोपटी घेऊन दारोदार फिरायचा, तिकडे कावड घेऊन फिरायचा, कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि गरम पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला स्टूल आणि हत्यारं, आणि हा चिमटा लोखंडी काडीने छेडला की झंऽऽ असा आवाज गल्लीभर जायचा, ओरडायची गरज नाही. काकांनी छेडून दाखवला, अर्धा मिनिट तरी तो आवाज दुकानात राहिला. एकतर्फी प्रेमाला चिनीत अजूनही "न्हाव्याची कावड, एकच टोक गरम" म्हणतात ते यावरूनच.

आता दुसऱ्या महिन्याची दोन तारीख. त्या दिवसाला ड्रॅगन डोकं वर काढतो म्हणतात आणि यामागे खरोखरचं आकाश आहे. जुन्या चिनी ज्योतिषात पूर्वेकडची नक्षत्रं मिळून एक ड्रॅगन होतो, त्याचं शिंग म्हणजे आपली चित्रा. हिवाळाभर संध्याकाळी तो दिसत नाही, आणि या सुमारास अंधार पडल्यावर शिंग पूर्वेला क्षितिजावर येऊ लागतं. म्हणून त्या दिवशी केस कापले की वर्ष चांगलं जातं, विशेषतः लहान मुलांचे. 2025 ला हा दिवस 1 मार्चला आला होता, 2026 ला 20 मार्च. काकांनी मला परत पाठवलं त्या वर्षी मी या दिवशी सकाळी सातला गेलो तर दुकानाबाहेर गल्लीच्या तोंडापर्यंत रांग, बायका पोरांना घेऊन उभ्या, काकांची सून पण मदतीला आलेली, आणि जमिनीवर केसांचा थर. माझा नंबर आला तेव्हा काकांनी टॉवेल लावताना आधी विचारलं, तिन्ही मामा बरे आहेत ना.

एक छोटी गोष्ट यातच, नववर्षाच्या पहिल्या दिवशी केस धुवायचे नाहीत, ती मात्र पूर्णपणे शब्दावरून आलीय. केस आणि भरभराट दोन्हींचा उच्चार फा, सूर वेगळे, आणि सोप्या लिपीत तर आता अक्षरही एकच झालंय. केस धुतले की बरकत धुतली, एवढंच.

राहिला तुझ्या सुपरवायझरचा प्रश्न. हे त्या मामाच्या म्हणीपेक्षा खूप जास्त गंभीरपणे घे. आईवडील गेल्यावर कितीतरी घरांत 49 किंवा 100 दिवस केस कापत नाहीत. आपल्याकडे सुतकात उलट मुंडन करतात म्हणून आपल्याला ते गबाळेपणा वाटू शकतो, तिकडे न कापणं हाच शोक आहे, स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला मन नाही हे सांगण्याची ती रीत आहे आणि आईवडिलांनी दिलेलं जपण्याचीही. चिंग काळात बादशहा किंवा सम्राज्ञी गेली की हेच सगळ्या पुरुषांवर बंधनकारक होतं, 100 दिवस वस्तरा नाही. 1748 मध्ये चियनलोंगची सम्राज्ञी वारली तेव्हा 100 दिवसांच्या आत डोकं भादरलं म्हणून हूगुआंगच्या (आजचे हुबेई आणि हुनान प्रांत) गव्हर्नर-जनरललाच आत्महत्येचं फर्मान गेलं. एरवी न भादरणं हा गुन्हा आणि त्या 100 दिवसांत भादरणं हा गुन्हा.

तेव्हा दोन्हीचं मूळ एक आहे का, तर शरीर आईवडिलांचं ही जुनी भावना दोन्हीच्या खाली आहे, पण शोकाची रीत सरळ तिथून आलीय आणि मामाची म्हण खूप वळणं घेत, वाटेत हुकूम, कत्तली, अफवा, उच्चार सगळं गोळा करत आलीय. तुला व्यवहारात सांगायचं तर शहरातली सलूनं आता पहिल्या महिन्यातही उघडी असतात आणि तरुण मुलं बिनधास्त जातात, फक्त नववर्षाच्या आधीच्या आठवड्यात भाव वाढवतात आणि दुसऱ्या महिन्याच्या दोन तारखेला नंबर लागत नाही. पण त्या बाईंनी थांबवलं आहे तर यंदा थांब. त्यांना विचार त्यांना मामा किती आहेत, कुठे असतात. आणि सुपरवायझरच्या केसांबद्दल काही बोलू नकोस, 100 दिवस झाले की एक दिवस तो कापून येईल, त्या दिवशीही "मस्त दिसताय" वगैरे म्हणू नकोस, नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हण आणि त्याला चहा पाज.